अंतिम वर्षाचा प्रकल्प एनएस-३ मध्ये जाऊ द्या: अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे व स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय: मुक्तस्रोत नेटवर्क सिम्युलेटरमधील योगदान अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून मान्य करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे नियम ठरवताना आपण त्यात एक पर्याय लेखी स्वरूपात घालावा, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. संगणक नेटवर्कवर काम करू इच्छिणाऱ्या गटाला दरवर्षी नवी ‘प्रणाली’ उभारून दाखवण्याऐवजी एनएस-३ सारख्या मुक्तस्रोत नेटवर्क सिम्युलेटरमध्ये (म्हणजे संगणकावर नेटवर्कचे आभासी प्रयोग करू देणाऱ्या, कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) एखादी छोटी, जाणकारांनी तपासलेली आणि कोणालाही पाहता येईल अशी भर घालता यावी, आणि ती भर हाच त्यांचा प्रकल्प म्हणून विद्यापीठाने मान्य करावा. मी पुण्यात नेटवर्क सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून वेगवेगळ्या महाविद्यालयांत प्रकल्पांच्या तोंडी परीक्षा घेत आलो आहे. पुढे जे मांडतो आहे ते या दोन्ही ठिकाणी पाहिलेल्या कामावरून.

नेटवर्क विषयातील प्रकल्पांची आजची स्थिती आपल्याला ठाऊक नाही असे नाही. विषयांची यादी जवळजवळ ठरलेली आहे: मोबाइल ॲड-हॉक नेटवर्कमधील ब्लॅक होल हल्ल्याचा शोध, एओडीव्ही या मार्गशोधन प्रोटोकॉलची ‘सुधारित’ आवृत्ती, सेन्सर नेटवर्कमधील ऊर्जाबचत. गट सिम्युलेटर उतरवून घेतो, मूळ मॉडेलमध्ये काही ओळी बदलतो, तीन-चार आलेख काढतो, सुधारित प्रोटोकॉल मूळ प्रोटोकॉलपेक्षा सरस ठरतो (माझ्यासमोर तो कधी वाईट ठरल्याचे आठवत नाही), आणि सगळे काही ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या छापील अहवालात, बांधून विभागाच्या कपाटात जाते. कोड सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर दिलेला असतो. तो पुन्हा कोणी चालवून पाहत नाही. पुढच्या वर्षीचा गट त्याच विषयावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो, किंवा शून्यापासून सुरुवात केल्याचे दाखवतो.

यात विद्यार्थ्यांचा आळस हे मुख्य कारण आहे, असे मला वाटत नाही. त्यांच्या कष्टांचे काय होते ते एका उदाहरणावरून सांगतो. एनएस-२ या एनएस-३ च्या आधीच्या सिम्युलेटरचे शेवटचे प्रकाशन, म्हणजे २.३५ ही आवृत्ती, नोव्हेंबर २०११ मधले आहे. एनएस-३ हा नव्याने लिहिलेला सिम्युलेटर त्याआधीच, जून २००८ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता, तरीही आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांतून एनएस-२ अजून हललेला नाही. तो आजच्या लिनक्सवर बांधायला घेतला की लिंक-स्टेट मार्गशोधनाच्या हेडर फाइलमधील १३७व्या ओळीवर कंपायलर अडतो, कारण जीसीसी या कंपायलरच्या नव्या आवृत्त्यांना तेथील ‘इरेज’ हे फंक्शन कोणाचे आहे ते उमगत नाही. त्याच्या आधी ‘धिस’ हा पॉइंटर लिहिला की काम पुढे सरकते. ही एक ओळ गेली दहा-बारा वर्षे प्रत्येक तुकडीतील विद्यार्थी आपापल्या लॅपटॉपवर दुरुस्त करत आले आहेत. सीनियरने सांगितले म्हणून, कुठेतरी वाचले म्हणून, पण प्रत्येकाने स्वतंत्रपणे. कोड खुला असूनही दुरुस्ती एकाच ठिकाणी का झाली नाही, तर ती स्वीकारणारे मागे कोणी उरले नव्हते, आणि ती पाठवण्याची सवय आपण कोणाला लावलेली नव्हती. यातले पहिले कारण एनएस-३ च्या बाबतीत लागू होत नाही. दुसरे होते, आणि त्यावरचा उपाय आपल्या मंडळांच्या हातात आहे.

सिम्युलेटर हेच क्षेत्र मी का सुचवतो आहे, हेही सांगायला हवे. वेब ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये भर घालायची तर विद्यार्थ्याला आधी अवाढव्य आणि परका कोड समजून घ्यावा लागतो, आणि वर्गात शिकलेल्या गोष्टींशी त्याचा संबंध क्वचितच लागतो. सिम्युलेटरमध्ये मात्र पाठ्यपुस्तकातील प्रकरणेच कोडच्या रूपात समोर येतात. एनएस-३ च्या शिकवणीतील पहिल्याच उदाहरणात दोन नोड असतात, त्यांच्यामध्ये सेकंदाला ५ मेगाबिट क्षमतेचा आणि २ मिलिसेकंद विलंबाचा दुवा असतो, आणि क्लायंट दुसऱ्या सेकंदाला १०२४ बाइटचे पॅकेट पाठवतो. सर्व्हरला ते २.००३६९ सेकंदांनी मिळाल्याची ओळ पडद्यावर येते. ही संख्या विद्यार्थ्याला कागदावर पडताळता येते: १०२४ बाइटला यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि पॉइंट-टू-पॉइंट दुव्याचे २ बाइट जोडले की १०५४ बाइट, म्हणजे ८४३२ बिट होतात, ते दुव्यावर चढवायला १.६८६४ मिलिसेकंद लागतात, त्यात प्रवासाचे २ मिलिसेकंद मिळवले की उत्तर जुळते. प्रेषण-विलंब (दुव्यावर चढवण्याचा वेळ) आणि प्रसारण-विलंब (प्रवासाचा वेळ) यांतील फरक पाठ करून सांगणारे अनेक विद्यार्थी मला भेटले आहेत. पण त्या संख्येत तीन हेडरचे तीस बाइट कुठे लपले आहेत हे ज्याने एकदा शोधले, त्याला तो फरक पुन्हा पाठ करावा लागत नाही. आणि सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरसारख्या बंद सॉफ्टवेअरमध्ये, ते वापरायला कितीही सोपे असले तरी, उत्तर जुळले नाही तर आत डोकावून कारण शोधण्याची सोय नसते.

योगदान आणि वापर यांत जे अंतर आहे ते मला विशेषतः तोंडी परीक्षेत जाणवते. एनएस-३ मध्ये यादृच्छिक संख्यांची मालिका ज्यांवरून ठरते ते बीज आणि रन क्रमांक मुद्दाम स्थिर ठेवलेले असतात, म्हणजे तोच प्रयोग कोणीही, कुठेही चालवला तरी तेच उत्तर यावे. स्वतंत्र चाचण्या हव्या असतील तर रन क्रमांक बदलावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ‘आम्ही दहा वेळा चालवून पाहिले आणि दहाही वेळा निकाल तंतोतंत सारखा आला’ असे एखादा गट मोठ्या विश्वासाने सांगतो, आणि ब्लॅक बुकमध्ये तोच मजकूर ‘पडताळणी’ या शीर्षकाखाली छापलेला असतो. दहाही वेळा एकच प्रयोग पुन्हा घडला होता, हे त्यांच्या मार्गदर्शकांच्याही लक्षात आलेले नसते. हाच गट आपला बदल एनएस-३ च्या मूळ प्रकल्पाकडे पाठवता, तर त्यांना आधी नेमका हा प्रश्न आला असता, तोही सत्र संपण्याच्या पुष्कळ आधी आणि ज्याने ते मॉडेल लिहिले किंवा जो ते सांभाळतो त्याच्याकडून. पंधरा मिनिटांच्या तोंडी परीक्षेत कोणत्याही बहिःस्थ परीक्षकाला इतके खोलात जाता येत नाही. मला तरी येत नाही.

ही तपासणी कशी होते ते ज्यांनी जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. एनएस-३ चा कोड गिटलॅब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर आहे. बदल सुचवणारा मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये सामावून घेण्याची विनंती, उघडतो. स्वयंचलित यंत्रणा तो कोड वेगवेगळ्या कंपायलरवर बांधून पाहते, लेखनशैलीचे नियम तपासते आणि चाचण्यांचा संच चालवते. त्यानंतर त्या मॉड्यूलचे मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारे, ओळीओळीवर शेरे देतात. नवे मॉडेल असेल तर त्यासोबत चाचण्या, चालणारे उदाहरण आणि दस्तऐवज या तिन्ही गोष्टी मागितल्या जातात. मॉडेल एखाद्या आरएफसीवर (इंटरनेट प्रोटोकॉलचे नियम सांगणाऱ्या प्रसिद्ध दस्तऐवजावर) आधारलेले असेल तर आरएफसीतील कोणता भाग घेतला आणि कोणता वगळला, हे स्पष्ट लिहावे लागते. या सगळ्याला तारखा असतात, आणि कोणी कोणती ओळ कधी लिहिली हे कायम नोंदलेले राहते. चौघांच्या गटात काम एकाने करायचे आणि गुण चौघांनी घ्यायचे, हा प्रकार आपण सारे जाणतो. कमिटच्या, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाच्या नोंदींच्या, इतिहासात तो लपवणे बरेच अवघड जाते. शिवाय कोड आणि अहवाल दोन्ही यंत्राकडून लिहून घेण्याच्या या दिवसांत, अनोळखी मेंटेनरने तीन आठवड्यांनंतर विचारलेल्या ‘हा टायमर इथे रद्द का केला?’ या प्रश्नाला दिलेले उत्तर मला छापील अहवालापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

पदवीच्या विद्यार्थ्यांना हे झेपेल का, अशी शंका मंडळांत निघेल. तिचे उत्तर एनएस-३ च्या फाइलींच्या माथ्यावर लिहिलेले आहे. पॅकेटांच्या रांग-व्यवस्थापनाची ‘पाय’ (PIE) ही पद्धत, जी आरएफसी ८०३३ मध्ये वर्णिलेली आहे, तिच्या एनएस-३ मधील मॉडेलवर ‘२०१६, एनआयटीके सुरतकल’ अशी, म्हणजे कर्नाटकातील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या नावाची, स्वामित्वाची नोंद आहे. लेडबॅट, डीसीटीसीपी, बीबीआर या टीसीपीच्या गर्दी-नियंत्रण पद्धतींच्या फाइलींवरही त्याच संस्थेचे नाव आढळते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या एका संशोधन गटातील विद्यार्थ्यांनी डीएसडीव्ही हा मार्गशोधन प्रोटोकॉल आणि टीसीपी वेगास यांची मॉडेले दिली. आपल्याकडे ज्या एओडीव्हीला दरवर्षी ‘सुधारले’ जाते, त्याचे एनएस-३ मधील मॉडेल मॉस्कोच्या एका संशोधन संस्थेतून २००९ मध्ये आले, आणि एनएस-२ मधील जुन्या मॉडेलचा व स्वीडनमधील उप्साला येथे लिहिलेल्या एका कोडचा आधार घेतल्याचे त्यात नमूद केलेले आहे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने पुढे नेले, आणि ते कोठून घेतले हे सांगूनही ठेवले. आपल्या कपाटांतल्या एओडीव्हीबद्दल असे म्हणता येत नाही. सुरतकल काही परदेशात नाही. मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेसने निघालेला प्रवासी दुसऱ्या सकाळी तेथे उतरतो. एनएस-३ ची वार्षिक कार्यशाळा जून २०१८ मध्ये तेथेच भरली होती. तेथील विद्यार्थी आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा वेगळ्या बुद्धीचे आहेत असे मला वाटत नाही. मात्र असे काम शिक्षणाचा भाग मानणारे आणि स्वतः कोड पाठवणारे शिक्षक त्यांना लाभले.

गूगल समर ऑफ कोड या, मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करणाऱ्या निवडक नवोदितांना मानधन देणाऱ्या उपक्रमात एनएस-३ प्रथम २००८ मध्ये सहभागी झाले, त्यामुळे ‘इच्छुकांनी तेथे अर्ज करावा’ असेही सुचवले जाईल. तेथे निवड मोजक्यांची होते, आणि २०२२ पासून तो उपक्रम विद्यार्थ्यांपुरता मर्यादितही राहिलेला नाही. ज्याची निवड झाली नाही त्यालाही हे काम करता यावे, आणि त्याचे श्रेयांक मिळावेत, एवढेच माझे मागणे आहे.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती मी कमी लेखत नाही. बीबीआरच्या फाइलीवर २०१८ हे वर्ष आहे, आणि ते मॉडेल प्रकाशनात आले २०२१ मध्ये, ३.३४ या आवृत्तीत. मेंटेनर हे बहुतेक स्वतःचे काम सांभाळून हे करणारे लोक आहेत. आपल्या विद्यापीठाचे वेळापत्रक त्यांना बंधनकारक नाही. म्हणून ‘मर्ज झाले तर उत्तीर्ण, नाही तर अनुत्तीर्ण’ असा नियम कृपया करू नये. तो अन्यायकारक ठरेल, आणि लवकर मर्ज व्हावे म्हणून विद्यार्थी मेंटेनरांच्या मागे लागतील ते वेगळेच. गुण कामाच्या उघड नोंदीवर द्यावेत: दोष किंवा उणीव नेमकी कशी ओळखली, ती दाखवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली का, बदलासोबत चाचणी दिली का, शेऱ्यांना काय उत्तर दिले, शेरा पटला तेव्हा कोड कसा बदलला आणि पटला नाही तेव्हा कोणत्या आधारावर मतभेद नोंदवला. एखाद्या गटाचा बदल सकारण नाकारला गेला, आणि ते कारण त्यांना परीक्षेत समजावून सांगता आले, तर त्या गटाला मी पूर्ण गुण देईन.

कामाच्या आकाराबद्दलही मंडळांनी उदार असावे. नवा प्रोटोकॉल कोणी मागत नाही. एखाद्या मॉड्यूलला आयपीव्ही-६ चा आधार नसणे, आरएफसीतील एखादा नियम राबवायचा राहून गेलेला असणे, उदाहरणातील निकाल दस्तऐवजाशी न जुळणे, एखादी चाचणीच नसणे, अशा गोष्टी प्रकल्पाच्या इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे उणिवांच्या जाहीर यादीत, नोंदलेल्या सापडतात. यातली एक नीट मार्गी लावायला दोन सत्रे पुरेशी होतील, पण ती चाळीस ओळींत संपेल. अहवाल किमान ऐंशी पानांचा असावा, असा नियम जिथे आहे तिथे हे चाळीस ओळींचे काम कोणत्या पानांत बसवायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यासमोर उभा राहील. म्हणून या पर्यायासाठी पृष्ठसंख्येची अट शिथिल करावी.

आता एका धोक्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या विनंतीचा सर्वांत वाईट अर्थ लावला गेला तर नेमके हेच घडेल. हा पर्याय सक्तीचा करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या, मुक्तस्रोत योगदानाबद्दल बक्षीस देणाऱ्या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी जगभरातील प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा इतका मारा झाला की आयोजकांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढ्यांचेच योगदान मोजावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस-जेएस या मुक्तस्रोत वेब-सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात केवळ रीडमी या माहितीच्या फाइलीत आपले नाव घालणाऱ्या विनंत्यांचा पूर आला, आणि त्याचे मूळ भारतातील एका लोकप्रिय शिकवणी-व्हिडिओत होते. टी-शर्टसाठी एवढे होते, तर श्रेयांकांसाठी काय होईल याची कल्पना करावी. राज्यभरातील विद्यार्थ्यांना एकाच वर्षी ‘एक मर्ज रिक्वेस्ट अनिवार्य’ असे सांगितले गेले, तर एनएस-३ चे मूठभर मेंटेनर आपल्या विद्यापीठांच्या पत्त्यावरून आलेले सर्व काही न वाचताच बंद करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी प्रत्येक महाविद्यालयात एखाद-दुसऱ्या गटालाच हा पर्याय द्यावा. कोड बाहेर पाठवण्यापूर्वी विभागात त्याची तपासणी व्हावी: शैली, चाचण्या, दस्तऐवज आणि मुख्य म्हणजे बदलाची गरज. पहिल्या सत्रात गटाने फक्त वाचावे, एखादा दोष पुन्हा घडवून दाखवावा आणि दुसऱ्यांच्या मर्ज रिक्वेस्टवरील चर्चा अभ्यासावी. स्वतःचा बदल दुसऱ्या सत्रात पाठवावा.

त्यासाठी विभागात निदान एक तरी शिक्षक असा हवा की ज्याने स्वतः ही प्रक्रिया एकदा पार केली आहे. बहुतेक महाविद्यालयांत आज असा शिक्षक नाही, आणि मला वाटते, माझ्या प्रस्तावातली खरी कमकुवत जागा हीच आहे. पण ती भरून काढण्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या, शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेण्याचा उपक्रम देशभरातील विद्यार्थ्यांकडून करवून घेतला. काम तपासले जाते, मान्य झाले तर प्रसिद्ध होते आणि मानधनही मिळते. तपासणी हा शिक्षणाचा भाग मानणारी व्यवस्था मुंबईत बसून चालवता येते, हे त्यावरून दिसले आहे. उन्हाळी सुट्टीतील शिक्षक-प्रशिक्षणाच्या एखाद्या आठवड्यात ‘राउटर कॉन्फिगरेशन’ऐवजी ‘एनएस-३ मध्ये पहिला बदल पाठवणे’ हा विषय ठेवला, तरी सुरुवात होईल. शिक्षकाच्या स्वीकारल्या गेलेल्या योगदानाला पदोन्नतीच्या मूल्यमापनात काही स्थान मिळावे, असेही मला वाटते, पण तो विषय आपल्या मंडळांच्या कक्षेबाहेरचा असल्याने येथे वाढवत नाही.

स्वामित्वहक्काबाबत काही महाविद्यालयांचे व्यवस्थापन धास्तावते, म्हणून तेही लिहितो. एनएस-३ चा कोड जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि योगदान देणाऱ्याला आपला स्वामित्वहक्क प्रकल्पाच्या नावे करून द्यावा लागत नाही. सुरतकलचे नाव त्या फाइलींवर आहे ते त्यामुळेच. विद्यार्थ्याचा किंवा महाविद्यालयाचा हक्क कायम राहतो, फक्त तो कोड सर्वांना त्या परवान्याच्या अटींवर वापरू द्यावा लागतो. प्रकल्प सुरू होतानाच विद्यार्थी आणि संस्था यांनी या अटीला लेखी संमती दिली, तर शेवटच्या महिन्यात वाद उद्भवणार नाहीत.

नियमपुस्तिकेत घालण्यासाठी मी सुचवतो ते कलम असे: ‘मार्गदर्शकाच्या पूर्वसंमतीने, विद्यार्थी-गटास मुक्तस्रोत नेटवर्क सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधील योगदान हे प्रकल्पकार्य म्हणून सादर करता येईल. मूल्यमापन योगदानाच्या सार्वजनिक नोंदीवर, प्रत्येक सदस्याच्या स्वतंत्र सहभागावर आणि तोंडी परीक्षेवर आधारित असेल. योगदान मूळ प्रकल्पात समाविष्ट होणे ही उत्तीर्णतेची अट असणार नाही. अहवालाच्या किमान पृष्ठसंख्येची अट या पर्यायास लागू नाही.’ स्वायत्त महाविद्यालयांना हे कलम आपल्या विद्या परिषदेपुढे ठेवता येईल. संलग्न महाविद्यालयांसाठी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने पुढाकार घ्यावा लागेल. अंतिम वर्षाचे गट आणि विषय सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ठरतात, त्यामुळे त्याआधीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा प्रस्ताव यावा. मंडळांनी बोलावले तर एनएस-३ चे पहिले उदाहरण आणि एका प्रत्यक्ष मर्ज रिक्वेस्टवरील चर्चा पडद्यावर दाखवून शंकांना उत्तरे देण्यास मी स्वखर्चाने उपस्थित राहीन.

आपला नम्र,
एक बहिःस्थ परीक्षक, पुणे